५३ ग्रेडचं सिमेंट, मग काँक्रीट ७० चं कसं?

प्रश्न : मी स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा गवंडीकामाची कंत्राटं घेतात. स्लॅबला ते एक-दीड-तीनचा माल कालवतात आणि तो म्हणजे एम२०, हे आम्हाला शिकवलेलंही आहे. माझा मावसभाऊ वरळीला एका टॉवरच्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर आहे. खालच्या मजल्यांच्या कॉलमना एम७० वापरतात असं तो म्हणाला, तेव्हा बाबांनी त्याला तिथेच अडवलं : ‘सिमेंटच ५३ ग्रेडचं, त्यातून ७० चं काँक्रीट कुठून येणार? आणि येत असेल, तर प्रमाण सांग.’ भावाला प्रमाण सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुमच्या बाबांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. दोन्ही आकडे एकाच एककातले आहेत, म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर किती न्यूटनचा दाब सोसेल ते सांगणारे. मग कच्च्या मालापेक्षा पक्का माल ताकदवान कसा, असं कुणालाही वाटेल. पण हे दोन आकडे वेगवेगळ्या चाचण्यांतून आलेले आहेत, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

गोणीवरचा ५३ हा नुसत्या सिमेंटचा आकडा नाही. प्रयोगशाळेत २०० ग्रॅम सिमेंट आणि ६०० ग्रॅम प्रमाणित वाळू (ती तमिळनाडूतल्या एन्नोरहून येते) घेऊन मसाला करतात, त्याचे साधारण ७ सेंटिमीटरचे ठोकळे पाडतात आणि २८ दिवसांनी ते फोडतात. त्यांनी किमान ५३ चा दाब सोसला पाहिजे. आता त्या मसाल्यात पाणी किती घालतात ते बघा. प्रमाणित घट्टपणाला सिमेंटला जेवढे टक्के पाणी लागतं त्याचा चौथा हिस्सा, अधिक तीन, इतके टक्के. आणि ते सिमेंट-वाळूच्या एकूण वजनावर. सिमेंटला २८ टक्के लागत असेल, तर ७ अधिक ३ म्हणजे १० टक्के, ८०० ग्रॅमवर ८० ग्रॅम पाणी. २०० ग्रॅम सिमेंटला ८० ग्रॅम पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४०. तेव्हा ५३ चा खरा अर्थ असा : ०.४० च्या आसपास पाणी घालून केलेल्या एक-तीनच्या मसाल्याने, ठरावीक चाचणीत, किमान एवढी ताकद दाखवली. सिमेंटची कमाल ताकद ५३ असं तो आकडा कुठेच म्हणत नाही. पाणी आणखी उतरवलं, की तेच सिमेंट ७० च काय, १०० च्याही पुढे जातं.

पाण्याचं हे महत्त्व १९१८ साली शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमधल्या डफ एब्रम्स यांनी असंख्य ठोकळे फोडून मांडलं. काँक्रीट नीट दाबून बसलेलं असेल, तर त्याची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. पुढे टी. सी. पॉवर्स यांनी त्याचं कारण उलगडलं. सिमेंट घट्ट होताना वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिक रीतीने बांधून घेतं, आणखी १५ टक्क्यांच्या आसपास पाणी तयार झालेल्या जेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं. त्यावर घातलेलं सगळं पाणी फक्त माल हलता राहावा म्हणून असतं. काम झालं की ते निघून जातं आणि मागे पोकळी ठेवून जातं. ठोकळा फुटतो तो या पोकळ्यांमुळे.

एक-दीड-तीनच्या मालात आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालवून घेतं. ५० किलोला ३० लिटर, म्हणजे ०.६०. एम७० मध्ये हेच ०.३० च्या खाली आणावं लागतं. तुम्ही विचाराल, ०.३८ पाण्याशिवाय सगळं सिमेंट मुरणारच नाही ना? नाही मुरत. एम७० मध्ये सिमेंटच्या कित्येक कणांचा गाभा कायम कोराच राहतो. पण तो कोरा गाभाही कठीण असतो आणि भोवतीच्या जेलने घट्ट धरलेला असतो. न मुरलेल्या सिमेंटपेक्षा रिकामी पोकळी कितीतरी घातक.

मग नुसतं पाणी कमी करून का भागत नाही? कारण असा माल घमेल्यातून सुटतच नाही. सिमेंटचे कण पाण्यात पडले की एकमेकांना धरून गुठळ्या करतात, पीठ भिजवताना होतात तशा, आणि त्या गुठळ्यांत पाणी कोंडून राहतं. सळ्यांच्या दाटीत तो कोरडा माल उतरत नाही, शटरिंग खोललं की कॉलमला हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या. त्यामुळे कितीतरी वर्षं ०.३० हे गुणोत्तर प्रयोगशाळेपुरतंच राहिलं. १९६० च्या दशकात जपान आणि जर्मनीत सुपरप्लास्टिसायझर आले. त्यांचे रेणू सिमेंटच्या कणांना चिकटतात, कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात, गुठळ्या सुटतात आणि कोंडलेलं पाणी मोकळं होतं. १९८० च्या दशकात जपानमधूनच पॉलिकार्बोक्झिलेट जातीची रसायनं आली, साइटवर ज्यांना नुसतं पीसीई म्हणतात. ती चांगली लागू पडली तर पाणी ३० टक्क्यांच्या आसपास वाचतं. उच्च क्षमतेच्या काँक्रीटचं खरं भांडवल हे ३० टक्के आहे. जादा सिमेंट नव्हे.

आता बाबांचा दुसरा प्रश्न, प्रमाणाचा. एम७० ला एक-अमुक-तमुक असं ठरलेलं प्रमाण नाही. आयएस ४५६ अशी ठरीव प्रमाणं एम२० पर्यंतच देतं. त्यापुढे मिश्रण आखावं लागतं, दर साइटच्या मालावर नव्याने. आखायची पद्धत आयएस १०२६२ मध्ये आहे. २०१९ च्या आवृत्तीत एम६५ आणि त्यावरच्या काँक्रीटसाठी वेगळा विभागच दिला आहे. एक हिशेब सोबतच करू.

काँक्रीट एम७० हवं, म्हणून ७० वर नेम धरून चालत नाही. नेम ७० वर धरला तर निम्मे क्यूब (चाचणीचे ठोकळे) त्याच्या खाली येतील. शंभरात पाचांपेक्षा जास्त क्यूब खाली येऊ नयेत म्हणून ७० मध्ये प्रमाण विचलनाच्या १.६५ पट मिळवायचं. या ग्रेडला स्वतःचे आकडे हाती नसतील तर विचलन ६ धरतात : ७० अधिक ९.९, म्हणजे जवळजवळ ८०. दुसरा नियम किमान ८ मिळवा म्हणतो, ते झाले ७८. यातला मोठा आकडा घ्यायचा. ८० साठी, २० मिलिमीटरची खडी असेल तर, आयएस १०२६२ च्या कोष्टकात गुणोत्तर मिळतं ०.२९.

पाणी : २० मिमी खडीला ५० मिमी स्लंपसाठी (साचा काढल्यावर ओला माल जेवढा खचतो, तो स्लंप) १८६ लिटर. कॉलममध्ये सळ्या दाट, म्हणून स्लंप १२५ हवा. दर २५ मिमीला ३ टक्के वाढ, म्हणून ९ टक्के वाढवून सुमारे २०३ लिटर. त्यातले ३० टक्के पीसीईने वाचवले, उरले १४२ लिटर. १४२ ला ०.२९ ने भागलं की बंधक माल (सिमेंट आणि त्याच्या जोडीच्या पुडी मिळून) ४९० किलो येतो. आता सगळं सिमेंटच घालायचं नाही. थोडी फ्लाय ॲश आणि थोडा मायक्रोसिलिका घालायचा. फ्लाय ॲश २८ दिवसांत पूर्ण ताकद देत नाही, म्हणून एकूण बंधक १० टक्क्यांनी वाढवून ५३९ करू. त्यात सिमेंट ८० टक्के म्हणजे ४३१ किलो, फ्लाय ॲश ८१, मायक्रोसिलिका २७. पीसीई एक टक्का, साडेपाच किलोच्या आत. उरलेलं आकारमान, एका घनमीटरात साधारण ०.६६, वाळू-खडीचं. पंपाने चढवायचं म्हणून खडी थोडी कमी धरू : आपल्या काळ्या दगडाची खडी सुमारे ११५० किलो, क्रश सँड ७१० किलो.

हे आकडे बाबांना दाखवा आणि सिमेंटच्या आकड्यावर त्यांना थांबवा. ४३१ किलो म्हणजे साडेआठ गोण्यांच्या जरा वर. एक-दीड-तीनच्या घनमीटरला त्यांच्या हातून किती गोण्या जातात? साडेसात-आठ. ताकद साडेतीनपट, आणि सिमेंट जवळजवळ तेवढंच! फरक पडला आहे तो पाण्यात. त्यांच्या मालात घनमीटरला सव्वादोनशे लिटरच्या पुढे पाणी जातं, इथे १४२. गोणीच्या भाषेत सांगायचं तर ५० किलो बंधकाला ३० लिटरच्या जागी १३ लिटर. उलट ताकदीच्या हव्यासापोटी सिमेंटच वाढवत नेलं, तर कॉलमच्या पोटात उष्णता कोंडते, आकुंचन वाढतं, भेगा येतात. म्हणूनच आयएस ४५६ फ्लाय ॲश वगैरे सोडून नुसतं सिमेंट घनमीटरला ४५० किलोच्या वर जाऊ देत नाही.

मायक्रोसिलिका हा यातला सर्वात बारीक गडी. सिलिकॉन धातूच्या भट्टीच्या धुरातून तो गोळा करतात. कण सिमेंटच्या शंभराव्या हिश्शाइतका. तो काय करतो हे समजून घ्यायचं असेल तर फुटलेले दोन क्यूब शेजारी ठेवून पाहा, कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमेल. एम२० चा तडा खडीला वळसा घालून गेलेला दिसेल. खडे अख्खे बाहेर डोकावतात, आणि समोरच्या तुकड्यात त्यांच्या गुळगुळीत खोबणी राहतात. खडीच्या अंगाला, विशेषतः खालच्या बाजूला, पाण्याचा पातळ थर साचतो, आणि तिथे काही शतांश मिलिमीटर जाडीची दुबळी पट्टी राहते. मायक्रोसिलिका त्या पट्टीत शिरून जागा भरतो, आणि सिमेंट मुरताना सुटलेल्या चुन्याशी संयोग पावून त्याचंही जेल करून टाकतो. एम७० चा क्यूब फोडला की तडा खडीतून आरपार जातो. फुटलेल्या तोंडावर काळा दगड सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो, खोबणी जवळजवळ नाहीतच.

आणि तडा दगडातूनच जाणार असेल, तर दगडाची जात महत्त्वाची ठरते. एम२० ला दगड चांगला की बरा याने फारसं बिघडत नाही. एम७० ला बिघडतं. आपल्याकडचा घट्ट, सलग बेसाल्ट या कामाला उत्तम आहे. पण त्याच खाणीत बुडबुड्यांच्या जागी पांढरी खनिजं भरलेला ठिपक्यांचा थर लागला, तर ती खडी वेगळी काढलीच पाहिजे. खडी लहान असली तर ताकदीला बरंच : दगड फोडत नेताना आतल्या बारीक चिरांवरच तो फुटतो, म्हणून लहान खड्यात दोष कमी उरतात. कोष्टकही हेच सांगतं : १२.५ मिमीची खडी घेतली तर ८० च्या ताकदीला ०.२९ ऐवजी ०.३१ चालतं.

क्रश सँडबद्दल मात्र मी जरा कठोर बोलणार आहे. कुजलेल्या बेसाल्टमध्ये फुगणारी माती असते. ती क्रशरमधून वाळूत आली, की पीसीईचे रेणू सिमेंटऐवजी त्या मातीच्या पदरांत जाऊन बसतात. सकाळी प्लांटवर दीडशेचा स्लंप दाखवणारा माल साइटवर पोहोचेपर्यंत ताठ होतो, आणि दोष दिला जातो रसायनाला. वाळू धुतलेलीच घ्या. कॉलेजात मार्श कोन (तळाला भोक असलेलं नरसाळं) असेल तर तुमचं सिमेंट आणि पीसीई घेऊन स्लरी करा. रसायनाचा डोस थोडा थोडा वाढवत एक लिटर स्लरी खाली यायला किती सेकंद लागतात ते नोंदवा. एका डोसनंतर वेळ कमी व्हायची थांबते, तो या जोडीचा डोस. हीच चाचणी तासाभराने पुन्हा करा. काही सिमेंटं तेवढ्यात घट्ट होतात. ती जोडी सोडून द्यायची.

वर मांडलेला हिशेब हा पहिला अंदाज आहे, मिश्रण नव्हे. तो प्रयोगशाळेत कालवून बघायचा, स्लंप दर अर्ध्या तासाने दोन तासांपर्यंत मोजायचा, मग गुणोत्तर दहा टक्के वर आणि दहा टक्के खाली धरून आणखी घाण्या काढायच्या, त्यांचे क्यूब फोडायचे आणि मगच प्लांटवर जायचं. टॉवरच्या खालच्या कॉलमवर पूर्ण भार यायला वर्ष-दोन वर्षं जातात. तेव्हा फ्लाय ॲशला सवड देऊन ताकद ५६ दिवसांनी मोजायचं डिझायनरशी ठरवता येतं.

प्लांटवर सगळं अडतं ते वाळूच्या ओलाव्यावर. ७१० किलो वाळूत ओलावा दोन टक्के जास्त निघाला आणि कुणी तो धरला नाही, तर घनमीटरमागे १४ लिटर पाणी न मोजता आत गेलं. सहा घनमीटरच्या मिक्सरमध्ये ८४ लिटर. कोष्टकात ०.२९ ला ८०, ०.३१ ला ७५ आणि ०.३३ ला ७० आहे. आपल्या मालात १४ लिटरांनी गुणोत्तर ०.२६ वरून ०.२९ होतं. म्हणजे १० टक्के बंधक वाढवून जे कमावलं, ते ढिगाऱ्यावर पडलेल्या एका सरीने घालवलं. एम२० मध्ये हीच चूक बरीचशी खपून जाते. म्हणून ज्या प्लांटवर पावसाळ्यात दर काही तासांनी वाळूचा ओलावा मोजत नाहीत, त्या प्लांटचं एम७० मी तरी घेणार नाही.

हे सगळं कुणी कशासाठी करतं? खालच्या मजल्यांचे कॉलम बारीक होतात, जागा वाचते, हे पहिलं कारण. शिकागोच्या वॉटर टॉवर प्लेसमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्याला ६२ च्या ताकदीचं काँक्रीट कॉलमना वापरलं, तेही दंडगोलावर मोजलेलं. आपल्या क्यूबवर मोजलं तर ते आणखी भरेल. सिएटलच्या टू युनियन स्क्वेअरची गोष्ट मला त्याहून आवडते. १९८९ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या इमारतीच्या पोलादी नळ्यांत १३१ ताकदीचं काँक्रीट भरलं आहे. एवढ्या ताकदीची गरज नव्हती. वाऱ्यात इमारत कमी झुलावी म्हणून अभियंत्यांना ताठरपणा हवा होता, आणि तेवढा ताठरपणा गाठायला पाणी इतकं उतरवावं लागलं की ताकद आपोआप आली. आपल्याकडे २००२ मध्ये खुल्या झालेल्या मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलाच्या कामात एम७५ वापरलं गेलं. मोहम्मद अली रोडच्या गर्दीवरून जाणारा तो पूल तुम्ही मावशीकडे जाता-येता पाहिलाही असेल.

प्रश्न : आमच्या साइटवर सुपरवायझर म्हणतात, एम७० इतकं घट्ट असतं की त्यात पाणी शिरत नाही, म्हणून क्युरिंग केलं काय आणि न केलं काय सारखंच. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे, पण त्यातून निघालेला निष्कर्ष उलटा आहे. पाणी नंतर आत शिरणार नाही, म्हणूनच सुरुवातीचे तास हातचे जाऊ द्यायचे नाहीत.

साध्या काँक्रीटच्या स्लॅबवर थोड्या वेळाने पाणी सुटतं, वर येतं, आणि पृष्ठभाग काही काळ आपसूक ओला राहतो. एम७० मध्ये सुटायला पाणीच नसतं. ऊन आणि वारा असेल तर गवंड्याची थापी फिरून होते न होते तोच वरची कातडी सुकते आणि केसासारख्या भेगा पडतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारायला माणूस लावून उपयोग नाही. फिनिशिंग चालू असतानाच हवेत बारीक तुषार सोडायचे, आणि जसजसा भाग पुरा होईल तसतसं प्लास्टिक अंथरत जायचं.

दुसरी गोष्ट आतून घडते. पाणी कमी असल्याने सिमेंट मुरता मुरता स्वतःच्या छिद्रांतलं पाणी ओढून घेतं. काँक्रीट आतून कोरडं पडतं आणि बाहेर एक थेंबही न उडता आकसतं. हे आकुंचन पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जोरात असतं, म्हणजे काँक्रीटला ताण सोसायची ताकद पुरती आलेली नसते तेव्हाच. त्यावर मोठ्या कॉलममध्ये पोटातली उष्णता. घनमीटरला १०० किलो सिमेंटमागे तापमान अंदाजे १० ते १२ अंशांनी चढतं. मुंबईच्या मे महिन्यात मालच ३२-३३ अंशांवर आला, तर कॉलमचा गाभा सहज ७० च्या पुढे जातो. एवढ्या तापमानात मुरलेल्या काँक्रीटमध्ये पुढे काही वर्षांनी आतल्या आत फुगवटा येण्याचा धोका असतो. म्हणून माल रात्री ओततात आणि पाण्याचा काही हिस्सा बर्फाच्या रूपात घालतात. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या कामात उन्हाळ्यात हेच केलं होतं. बर्फाचं वजन पाण्याच्या हिशेबातून वजा झालं की नाही, ते बॅच शीटवर तपासा.

कॉलमचं शटरिंग खोलताना घाई नको. गाभा तापलेला असताना बाहेरची बाजू एकदम उघडी पडली, तर तापमानाच्या फरकाने तडे जातात. खोलल्याबरोबर ओलं गोणपाट गुंडाळून त्यावर प्लास्टिक बांधा. गार पाण्याचा पाइप थेट तापलेल्या कॉलमवर धरू नका. मिश्रणात फ्लाय ॲश असेल, तर आयएस ४५६ प्रमाणे किमान १० दिवस ओलावा ठेवायचा, आणि शक्यतो तो १४ दिवसांपर्यंत वाढवायचा. जिथे गोणपाट टिकत नाही तिथे क्युरिंग कंपाऊंड चालेल; पण ते शटरिंग काढल्या दिवशीच, अंग ओलसर असताना मारायचं.